मिर-१२४ हातात घेताना: चेतापेशींच्या घडणीतल्या मायक्रो आरएनएवर प्रकल्प कसा करावा

२०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं आणि तेव्हापासून मुंबईतल्या एमएस्सीच्या वर्गांत मायक्रो आरएनएला बरे दिवस आले आहेत. कलिना असो, पार्ले असो, नाहीतर फोर्ट, प्रकल्पाच्या यादीत एक तरी विषय असा असतोच: ‘सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींच्या विकासात मायक्रो आरएनएची भूमिका’. विषय उत्तम आहे, पण या आकारात तो सहा महिन्यांत कुणाच्याच हाताला लागणार नाही. तो हाताला लागेल असा कसा करायचा, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगते. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी मिर-१२४ हा मायक्रो आरएनए घेतलाय, कारण त्याच्यावर काम भरपूर झालंय आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तो सहज मोजता येतो.

पायाची गोष्ट, थोडक्यात

मायक्रो आरएनए म्हणजे साधारण २२ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे २२ अक्षरांचा, आरएनएचा तुकडा. केंद्रकात लांब प्राथमिक प्रत तयार होते, ड्रोशा आणि डीजीसीआर-८ ही जोडी तिच्यातून सुमारे ७० न्यूक्लिओटाइडची केसपिनेसारखी घडी कापून काढते, एक्स्पोर्टिन-५ ती बाहेर नेतं, डायसर तिचा फास कापतं आणि उरलेल्या दोन धाग्यांपैकी एक आर्गोनॉट प्रथिनात जाऊन बसतो. या धाग्याचा दुसरा ते आठवा क्रमांक म्हणजे ‘सीड’. सीड एखाद्या एमआरएनएच्या (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या) शेपटाशी, म्हणजे ३-प्राइम यूटीआरशी जुळलं की त्या एमआरएनएपासून प्रथिन कमी बनतं आणि तो एमआरएनए लवकर तुटतोही.

‘कमी बनतं’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. बंद होत नाही. एका मायक्रो आरएनएमुळे एका प्रथिनात वीस-तीस टक्के घट झाली तरी तो चांगला परिणाम समजतात. पहिल्याच वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) पट्टी पूर्ण गायब झाली, तर खूश होण्याआधी ब्लॉट पुन्हा करा.

प्रश्न कापून लहान करा

उंदराच्या मेंदूच्या बाह्यकात (कॉर्टेक्समध्ये) चेतापेशी तयार होण्याचा काळ गर्भाच्या साधारण ११ व्या ते १७ व्या दिवसापर्यंतचा. आधी खोलचे थर बनतात, मग वरचे, आणि शेवटाकडे त्याच पूर्वपेशी अॅस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, बनवायला लागतात. पुढे अक्षतंतू (संदेश बाहेर नेणारे तंतू) लांबतात, डेंड्राइटना (संदेश घेणाऱ्या तंतूंना) फांद्या फुटतात, सायनॅप्स (चेतापेशींमधले सांधे) जुळतात. या प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळे मायक्रो आरएनए काम करताना सापडले आहेत. पूर्वपेशींच्या विभाजनात मिर-९ हा टीएलएक्स या जनुकाला आवरतो. डेंड्राइटवरच्या काट्यांचा आकार मिर-१३४ ठरवतो, लिमके-१ ला दाबून. हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. मिर-१३२ डेंड्राइटची वाढ करतो आणि मिर-१२८ चेतापेशींची उत्तेजकता ताब्यात ठेवतो; तो काढून टाकलेल्या उंदरांना जीवघेणी अपस्मारी फीट येते.

यातला एकच टप्पा घ्या. मी विद्यार्थ्यांना एका वाक्यात प्रश्न लिहायला सांगते आणि त्या वाक्यात पेशीचा प्रकार, दिवस आणि मोजायची गोष्ट हे तिन्ही हवंच. ‘मिर-१२४ चा चेतापेशींवर परिणाम’ हा प्रश्न नव्हे. ‘न्यूरो-टूए पेशींमध्ये मिर-१२४ वाढवल्यावर ४८ तासांनी पीटीबीपी-१ प्रथिन कमी होतं का, आणि त्यासोबत लांब तंतू काढणाऱ्या पेशींचं प्रमाण बदलतं का’ हा प्रश्न झाला. (न्यूरो-टूए हा उंदराचा पेशीवंश, पीटीबीपी-१ हे मिर-१२४ चं जुनं लक्ष्य; दोन्ही पुढे येतील.)

वेळेचा एवढा आग्रह का, याचं उत्तर आपल्याच शहरात आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) एलएचएक्स-२ या जनुकावर बरीच वर्षं काम चाललंय. तिथल्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की हे जनुक नसलेल्या पूर्वपेशी बाह्यक व्हायचं सोडून, हिपोकॅम्पसच्या घडणीला चालना देणाऱ्या ‘हेम’ नावाच्या पट्ट्याकडे वळतात. २०११ मध्ये त्याच गटाने दाखवलं की हिपोकॅम्पसच्या पूर्वपेशींमधून ते काढलं तर चेतापेशी बनायच्या वेळीच अॅस्ट्रोसाइट बनू लागतात. म्हणजे पूर्वपेशीला एलएचएक्स-२ हवंच. त्याच वर्षी एका जपानी गटाने मिर-१२४ च्या तीन जनुकांपैकी मुख्य जनुक उंदरातून काढलं. मेंदू लहान राहिला, हिपोकॅम्पसमधले अक्षतंतू भलतीकडे फुटले, डोळ्यातल्या शंकूपेशी मेल्या, आणि मूळ कारण म्हणून पुढे आलं ते एलएचएक्स-२ च: ते दाबलं न गेल्यामुळे हे घडलं. एकच जनुक पूर्वपेशीत असलंच पाहिजे आणि पक्व होणाऱ्या चेतापेशीत उतरलंच पाहिजे. तुम्ही चुकीच्या दिवशी नमुना घेतलात तर मिर-१२४ चा काहीच परिणाम नाही असा निष्कर्ष निघेल, आणि त्या दिवसापुरता तो खरा असेल.

नावं नीट वाचा

‘एमएमयू’ म्हणजे उंदीर, ‘एचएसए’ म्हणजे माणूस. शेवटी येणारं ५पी किंवा ३पी म्हणजे घडीचा कोणता हात. जुन्या लेखांत तारांकित मिर-९ दिसतो, तो आजचा मिर-९-३पी. मिर-१२४ च्या बाबतीत काम करणारा मुख्य धागा ३पी आहे. प्रायमर (पीसीआरला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) मागवण्याआधी मिरबेस या मायक्रो आरएनएच्या डेटाबेसवरून अनुक्रम उतरवून घ्या आणि तो जोडीदाराकडून एकदा तपासून घ्या. चुकीचा हात मागवला तर तो दुकानदार परत घेत नाही.

पेशी कोणत्या घ्यायच्या

पहिल्या प्रकल्पाला पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशी, बरा. न्यूरो-टूए ही उंदराची, एसएच-एसवाय-फाइव्ह-वाय ही माणसाची, पीसी-१२ ही घुशीची (रॅटची). पहिल्या दोन्हींना सीरम कमी करून सुमारे १० मायक्रोमोलर रेटिनोइक अॅसिड दिलं की तंतू फुटतात. पीसी-१२ ला एनजीएफ हे चेतापेशींच्या वाढीचं प्रथिन लागतं. रेटिनोइक अॅसिड उजेडात खराब होतं, म्हणून नळी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या) राष्ट्रीय भांडारातून मागवता येतात. आपल्याच इमारतीतल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडून एक फ्लास्क मागून आणणं सोपं वाटतं, पण त्या पेशींचा पॅसेज क्रमांक (त्या किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या ते) कुणाला ठाऊक नसतो आणि मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत लपणाऱ्या जिवाणूची, शंका कायम राहते. मायकोप्लाझ्माची तपासणी पहिल्या आठवड्यातच करून टाका.

या पेशींची मर्यादाही लिहून ठेवा. त्या अर्बुदातून (ट्यूमरमधून) आलेल्या आहेत. त्यांचं ‘चेतापेशी होणं’ अर्धवट असतं. खऱ्या चेतापेशी हव्या असतील तर उंदराच्या १५-१६ दिवसांच्या गर्भाचं बाह्यक किंवा घुशीच्या १८ दिवसांच्या गर्भाचा हिपोकॅम्पस घ्यावा लागतो, आणि पेशी पॉली-डी-लायसिनच्या थरावर, न्यूरोबेसल आणि बी-२७ या वाढद्रावणात वाढवाव्या लागतात. त्याला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. समितीची बैठक तुमच्या सोयीने होत नाही, म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात. लेंटिव्हायरस (पेशीत जनुक नेणारा विषाणू) वापरणार असाल तर जैवसुरक्षा समितीचा कागद वेगळा.

आरएनए काढणं: इथेच बहुतेक प्रकल्प अडकतात

साध्या कॉलम किटमध्ये २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लहान आरएनए धुऊन जातो. किटच्या पुस्तिकेत ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एकतर लहान आरएनए धरणारं किट घ्या, ज्यात इथेनॉलचं प्रमाण जास्त ठेवतात, किंवा ट्रायझॉलने (फिनॉलयुक्त द्रावणाने) काढा. ट्रायझॉल वापरताना आयसोप्रोपॅनॉलच्या पायरीला ग्लायकोजेन घालून रात्रभर उणे २० वर ठेवलं तर बारीक गोळी हातातून निसटत नाही. पेशी फारच कमी असतील तर ट्रायझॉलमध्ये जी आणि सी ही अक्षरं कमी असलेले काही मायक्रो आरएनए इतरांपेक्षा जास्त वाया जातात हे दाखवलं गेलंय. म्हणून तुलना करायच्या सगळ्या नमुन्यांत पेशींची संख्या सारखी ठेवा. कंट्रोलमध्ये दहा लाख आणि प्रयोगात एक लाख, असं चालणार नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. मायक्रो आरएनए स्थिर असतात, काही पेशींत कित्येक दिवस टिकतात, असं पुस्तकात वाचलेलं असतं. चेतापेशींना ते लागू नाही. तिथले काही मायक्रो आरएनए झपाट्याने बनतात आणि झपाट्याने तुटतात, आणि पेशीच्या विद्युत हालचालींवर त्यांचा वेग बदलतो, हे २०१० मध्ये डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींमध्ये आणि पुढे इतर चेतापेशींमध्ये दिसलं. प्लेट बाहेर काढून चहाला गेलात तर तो चहा तुमच्या आलेखात दिसेल. मीडिया (वाढद्रावण) ओढा, पीबीएस या थंड क्षारद्रावणाने एकदा धुवा, ट्रायझॉल ओता, मग काय बोलायचं ते बोला.

तिसरं आपलं हवामान. जुलै-ऑगस्टमध्ये एसी बंद असलेल्या खोलीत हातमोज्याच्या आत घाम जमतो आणि मनगटावरून नळीवर ओघळतो. त्यात आरएनए तोडणारं आरएनेझ हे एन्झाइम असतं. लांब बाह्यांचा कोट आणि दर थोड्या वेळाने बदललेले मोजे हा त्यावरचा स्वस्त उपाय. दमट हवेत इथेनॉलही पाणी ओढून घेतं, म्हणून धुण्याचं ७५ टक्के इथेनॉल रोज ताजं बनवा आणि इथेनॉलची मोठी बाटली उघडी ठेवू नका. नमुने शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे असतील, समजा विद्याविहारहून खारघरला, तर गोठवलेला आरएनए नेण्यापेक्षा कापलेली ऊती स्थिर करणाऱ्या द्रावणात बुडवून नेणं शहाणपणाचं. पावसात पाणी भरून गाड्या थांबल्या की बर्फ वाट पाहत नाही. आरएनएची सीडीएनए ही डीएनए प्रत करून नेता आलं तर त्याहून उत्तम.

शुद्धता पाहताना २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) दोनच्या जवळ असलं म्हणजे झालं असं समजू नका. ट्रायझॉलमध्ये २६०/२३० घसरतो आणि फिनॉलचे अवशेष पुढच्या पायरीतल्या एन्झाइमचं काम रोखतात.

मोजणी

२२ न्यूक्लिओटाइडच्या तुकड्यावर दोन नेहमीचे प्रायमर मावत नाहीत. त्यासाठी स्टेम-लूप प्रायमर वापरतात: तो मायक्रो आरएनएच्या शेवटच्या सहा अक्षरांवर बसतो आणि तुकडा लांब करतो. ही युक्ती २००५ ची, आणि प्रत्येक मायक्रो आरएनएसाठी प्रायमर वेगळा. शिवाय पॉली-ए शेपूट जोडण्याची पद्धत आहे; एकाच नमुन्यात पुष्कळ मायक्रो आरएनए पाहायचे असतील तर ती परवडते.

तुलनेसाठी स्थिर संदर्भ म्हणून यू-६ हा छोटा आरएनए सगळे वापरतात. पण पेशी विभाजन थांबवून चेतापेशी बनतेय, तिच्यात पुष्कळ काही बदलतंय, तिथे यू-६ स्थिरच राहील हे गृहीत का धरायचं? उंदरात स्नो-२०२ सारखा एखादा दुसरा संदर्भ सोबत लावा आणि दोन्ही तुमच्या सर्व दिवसांवर सपाट आहेत का ते आधी पाहा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी आणि टेम्प्लेट नसलेली नळी प्रत्येक प्लेटमध्ये हवीच. सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीला संकेत दिसला तो आकडा) मध्ये एकाचा फरक म्हणजे प्रमाणात दुपटीचा. तुमच्या तिहेरी नळ्यांमध्येच अर्ध्या सीटीचा फरक येत असेल तर आधी पिपेट तपासून घ्या.

शून्य, एक, तीन, पाच दिवस असा कालक्रम घ्या. मिर-१२४ सोबत नेस्टिन (पूर्वपेशीची खूण) आणि बीटा-३-ट्युब्युलिन (चेतापेशीची खूण) हेही मोजा, म्हणजे पेशी खरंच पुढे सरकल्या की नाही ते कळेल.

लक्ष्य शोधताना

टार्गेटस्कॅन किंवा मिरडीबी या लक्ष्यांचा अंदाज देणाऱ्या संकेतस्थळांवर मिर-१२४ टाकला की शेकड्यांनी जनुकं समोर येतात. हा ढीग पाहून विद्यार्थी एकतर हरखतात, नाहीतर ओळखीचं नाव उचलतात. चाळणी अशी लावा. मिर-१२४-३पी चं सीड ए-ए-जी-जी-सी-ए-सी. म्हणजे एमआरएनएच्या शेपटात जी-यू-जी-सी-सी-यू-यू हा क्रम स्वतः डोळ्यांनी शोधा. त्याच्या लगेच पुढे ‘ए’ असेल तर ती आठ अक्षरांची, सर्वांत बळकट जागा. ती जागा माणूस, उंदीर, कुत्रा यांच्यात टिकून आहे का ते पाहा. मग, आणि हे यंत्र सांगत नाही, ते जनुक तुमच्या पेशीत, तुमच्या दिवशी व्यक्त होतं का ते तपासा. यकृतातल्या जनुकावर सुंदर जागा असली तरी तिचा तुम्हाला उपयोग नाही.

आणखी एक बारकावा कॉलेजात सहसा कुणी सांगत नाही. चेतापेशी पुष्कळ एमआरएनएची शेपटं इतर पेशींपेक्षा लांब ठेवतात. त्या दूरची पॉली-ए जागा, म्हणजे शेपूट जिथे संपतं ती जागा, निवडतात. डेटाबेसमधल्या लहान शेपटात जी जागा दिसत नाही ती चेतापेशीत असू शकते, आणि लांब शेपटातली जागा हीला पेशीत (माणसाच्या कर्करोगाच्या पेशीवंशात) नसू शकते. म्हणून शेपूट क्लोन करण्याआधी तुमच्या पेशीतल्या आरएनएवर ३-प्राइम रेस (शेपटाचा शेवट शोधणारी पीसीआर) करून त्याची लांबी पाहा, किंवा निदान त्या पेशीचा उपलब्ध आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा उघडून बघा.

आर्गोनॉट प्रथिनाला चिकटलेला आरएनए वेगळा काढून वाचण्याची पद्धत २००९ मध्ये पिल्लू उंदरांच्या मेंदूवर वापरली गेली. तिच्यातून मिळालेल्या मिर-१२४ च्या जागा कागदावरच्या अंदाजापेक्षा भरवशाच्या. त्या यादीत तुमचं जनुक असेल तर अर्धं काम झालं.

सुरुवातीला मी पीटीबीपी-१ सुचवते. मिर-१२४ ते दाबतो; ते उतरलं की पीटीबीपी-२ चा एरवी वगळला जाणारा एक एक्सॉन (जनुकाचा तुकडा) वगळला जात नाही, त्याचं प्रथिन वाढतं आणि पेशीची स्प्लायसिंगची (असे तुकडे जोडून एमआरएनए बनवण्याची) पद्धतच चेतापेशीची होते. हे २००७ मध्ये सिद्ध झालंय. जुनं लक्ष्य घेण्यात कमीपणा नाही: एक वर जाणारं, एक खाली येणारं, दोन्ही साध्या आरटी-पीसीआरवर दिसणारं, म्हणजे तुमचे हात बरोबर चालतात की नाही हे कळायची सोय. नवं लक्ष्य त्याच्या शेजारी ठेवा.

ल्युसिफरेज

ल्युसिफरेज म्हणजे प्रकाश देणारं एन्झाइम. लक्ष्याचं शेपूट रेनिला ल्युसिफरेजच्या मागे जोडा. फायरफ्लाय ल्युसिफरेज त्याच वाहकात (प्लाझ्मिडमध्ये) संदर्भाला. हीला किंवा हेक या माणसाच्या पेशी घ्या, कारण त्यांच्यात स्वतःचा मिर-१२४ नगण्य असतो. मिमिक, म्हणजे मिर-१२४ ची कृत्रिम नक्कल, दिल्यावर प्रकाश कमी झाला पाहिजे, आणि सीडच्या जागेतली तीन-चार अक्षरं बदललेल्या शेपटात तो पूर्ववत राहिला पाहिजे. हा बदललेला कंट्रोल नसेल तर प्रयोग करूच नका. या प्रयोगाने ‘जुळू शकतं’ एवढंच सिद्ध होतं. चेतापेशीत जुळतं की नाही, ते पुढे.

वाढवा, दाबा, मग परत आणा

मिमिकची मात्रा लहान ठेवा. १० नॅनोमोलरपासून सुरुवात करा. १०० वर गेलात तर आर्गोनॉटच्या जागा तुमच्या मिमिकने भरतात, पेशीचे स्वतःचे मायक्रो आरएनए बाहेर पडतात आणि त्यांची लक्ष्यं वर जातात. तो परिणाम मिर-१२४ चा नव्हे. स्क्रॅम्बल्ड (अक्षरांचा क्रम विस्कटलेला) कंट्रोल त्याच मात्रेत.

केवळ वाढवून थांबणारे प्रकल्प फार दिसतात, आणि मला ते अपुरे वाटतात. हीला पेशीत मिर-१२४ घातला की शंभराहून जास्त एमआरएनए उतरतात आणि चित्र मेंदूसारखं होऊ लागतं, हे २००५ मध्येच दिसलं होतं. २०११ मध्ये मिर-९ आणि मिर-१२४ मिळून माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्टना चेतापेशी बनवता आलं. सोबत तीन ट्रान्सक्रिप्शन घटक (जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं) दिले तर अधिक चांगलं. यावरून मिर-१२४ नसेल तर चेतापेशीच बनणार नाही, असं वाटतं. पण २०१८ मध्ये माणसाच्या स्टेम पेशींतून मिर-१२४ च्या सहाच्या सहा प्रती काढल्या, तरीही चेतापेशी बनल्या. त्यांचं पक्व होणं आणि जगणं मात्र बिघडलं. घालून दिसतं ते, आणि काढून दिसतं ते, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. म्हणून इनहिबिटर किंवा स्पंज (मायक्रो आरएनएला अडकवून ठेवणारा आरएनए) वापरून दाबण्याचा प्रयोग हवाच. मिर-१२४ ची जनुकं तीन असल्याने एका जनुकावर क्रिस्पर चालवून भागत नाही, हेही लक्षात घ्या.

डायसर काढून टाकलेल्या उंदरांचे निबंध वाचताना हीच सावधगिरी. बाह्यकात डायसर गेलं की चेतापेशी मरतात आणि बाह्यक पातळ राहतं, पण तिथे सगळेच मायक्रो आरएनए एकदम गेलेले असतात. त्यातून एखाद्याची भूमिका वाचता येत नाही.

शेवटची कडी म्हणजे परत आणणं. मिर-१२४ ने तंतू लांबले आणि पीटीबीपी-१ उतरलं; पण लांबले ते त्याच्यामुळेच का? शेपूट नसलेलं, म्हणजे मिर-१२४ ला न जुमानणारं पीटीबीपी-१ सोबत द्या. तंतू पुन्हा आखूड झाले तर उत्तर मिळालं. थोडेच झाले तर बाकीची लक्ष्यंही त्यात आहेत, आणि बहुधा तसंच असतं. प्रबंधात तसंच लिहा.

मोजताना

पेशीच्या शरीरापेक्षा दुप्पट लांब तंतू असेल तरच ‘फुटलेली’ धरायची, असा नियम आधी वहीत लिहा. फोटोंना दुसऱ्याने क्रमांक द्यावेत, मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. डेंड्राइटच्या फांद्यांसाठी शोल विश्लेषण (पेशीभोवती वर्तुळं काढून त्यांना छेदणाऱ्या फांद्या मोजणं), फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. आणि ‘एन’ (सांख्यिकीतली नमुन्यांची संख्या) म्हणजे पेशी नव्हेत. एका प्लेटमधल्या ३०० पेशी मोजल्या तरी एन एकच. वेगळ्या आठवड्यात, वेगळ्या पॅसेजवर केलेला प्रयोग म्हणजे दुसरा. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक इथेच बोट ठेवतात.

ओली प्रयोगशाळा मिळालीच नाही तर

एन्कोड या आंतरराष्ट्रीय जीनोम प्रकल्पाने उंदराच्या गर्भाच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या मेंदूतले मायक्रो आरएनए दिवसागणिक मोजून ठेवले आहेत आणि तो डेटा कुणालाही उतरवून घेता येतो. साध्या लॅपटॉपवर आर या मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये मिर-१२४, मिर-९ आणि लेट-७ (आणखी एक मायक्रो आरएनए) चे आलेख काढा. मिर-१२४ जन्माकडे जाताना चढताना दिसेल.

आता त्या चढावर विश्वास ठेवण्याआधी एक गणित करा. हा नमुना अख्ख्या ऊतीचा आहे. ११ व्या दिवशी तिथे बहुतेक पूर्वपेशी असतात, १७ व्या दिवशी चेतापेशींची गर्दी. प्रत्येक चेतापेशीत मिर-१२४ तेवढाच राहिला तरी आलेख वर जाईल. त्याच ऊतीच्या त्याच दिवसांचा एमआरएनए डेटा एन्कोडवरच मिळतो; त्यातून बीटा-३-ट्युब्युलिनसारखी चेतापेशींची तीन-चार खूण-जनुकं घ्या, त्यांची सरासरी काढा आणि मिर-१२४ ला तिने भागा. गुणोत्तर सपाट आलं तर चढ पेशींच्या संख्येचा मानायचा. तरीही वर जात असेल तर पेशीच्या आत काही वाढत असावं, आणि मग एखाद्या प्रयोगशाळेकडे एलएनए प्रोबने इन-सिटू (ऊतीच्या कापात मायक्रो आरएनए नेमका कोणत्या पेशीत आहे ते दाखवणारी चाचणी) करून पाहण्यासाठी विनंती घेऊन जायला तुमच्याकडे ठोस कारण असेल.